कपातला चहा, कॅप्सूलमधला चहा

वजन उतरवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वनस्पतीजन्य गोळ्या, कॅप्सूल, पावडरी आणि ‘स्लिमिंग टी’ यांच्यामुळे यकृताला इजा होऊ शकते, हे वैद्यकशास्त्रात आता वादाचे राहिलेले नाही. हा धोका दुर्मीळ आहे. अशा वस्तू घेणाऱ्या बहुतेकांना काहीही होत नाही. ज्यांना होते त्यांच्यापैकीही बरेचसे गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. उरलेल्या थोड्यांचे यकृत मात्र पार निकामी होते, आणि ते थोडे कोण असणार हे आधी ओळखण्याची व्यवहारात सोय नाही.

अशी एखादी डबी हातात घेऊन पाहावी. समोर हिरवे पान, सडपातळ कंबर आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’ ही ठळक अक्षरे. मागे, डोळे बारीक करून वाचावी लागेल अशी घटकांची यादी असते: ग्रीन टीचा अर्क, गार्सिनिया, अश्वगंधा, हळदीचा अर्क, मिरीचा अर्क, गुग्गुळ, सोनामुखी. कोणता घटक किती, हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या नावाखाली सगळ्यांची मिळून एकच बेरीज दिलेली असते. यादीतली निम्मीअधिक नावे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरलेली असतात, आणि तेवढ्या ओळखीवर ती निर्धोक ठरतात. झाडपाल्याने कुठे काय होते, असे म्हणत डबी घरात येते. पण फोडणीतली चिमूटभर हळद आणि कॅप्सूलमधला हळदीचा अर्क यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नसते. या विषयातला बहुतेक घोटाळा इथेच आहे.

यकृत उजव्या बरगड्यांच्या आड असते. प्रौढ माणसात त्याचे वजन साधारण दीड किलो भरते. आतड्यांतून शोषलेले जवळजवळ सारे काही एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात येते आणि मग उरलेल्या शरीराकडे जाते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. जुन्या जकात नाक्यासारखी ही जागा: माल कोणताही असो, गाडी इथे थांबल्याशिवाय पुढे सुटत नाही. आलेल्या परक्या रसायनांवर यकृतातली सायटोक्रोम पी-४५० या गटाची एन्झाइमे काम करतात आणि शरीराबाहेर टाकता येईल असे त्यांचे रूप बनवतात. या कामात कधीकधी मधलेच एखादे रूप मूळ पदार्थापेक्षा जहाल निघते. पेशीतली प्रथिने आणि चरबी यांना ते चिकटते, त्यांची मोडतोड करते. त्याला बांधून निकामी करण्यासाठी पेशीत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ साठवलेला असतो. साठा पुरला तर कोणाला काही कळतही नाही. तो आटला की पेशी मरू लागतात.

यकृताची इजा दोन तऱ्हांनी होते. पहिली मात्रेवर अवलंबून असते. पॅरासिटामॉल हे तिचे नेहमीचे उदाहरण: ठरलेल्या मात्रेत ते सुरक्षित, पण एका वेळी खूप गोळ्या पोटात गेल्या तर जवळजवळ कोणाचेही यकृत धोक्यात येते. दुसरी तऱ्हा व्यक्तिगणिक बदलते. तीच कॅप्सूल हजारो लोक घेतात आणि त्यांतल्या एखाद्याचीच रोगप्रतिकारक यंत्रणा बिथरून स्वतःच्या यकृतावर उठते. वनस्पतीजन्य गोळ्यांनी होणारी इजा बहुतांशी या दुसऱ्या तऱ्हेची असते. म्हणूनच ‘शेजारच्या ताई सहा महिने घेतात, त्यांना काही झाले नाही’ या दाखल्यातून फक्त शेजारच्या ताईंबद्दल कळते.

अमेरिकेत औषधांमुळे झालेल्या यकृतइजांची नोंद ठेवणारे रुग्णालयांचे एक राष्ट्रीय जाळे आहे. २००४ पासूनच्या सुमारे दहा वर्षांतल्या ८३९ रुग्णांचा अभ्यास त्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी १३० जणांची इजा वनौषधी किंवा आहारपूरकांमुळे झालेली होती, आणि या काळात त्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले होते. शरीर कमावण्यासाठी पावडरी घेणारे तरुण वेगळे काढले, तर उरल्या बहुतेक मध्यमवयीन स्त्रिया. त्यांनी घेतलेल्या वस्तूंत वजन घटवणाऱ्या गोळ्या ठळक होत्या. या दुसऱ्या गटातल्या १३ टक्के रुग्णांना यकृत प्रत्यारोपण करावे लागले किंवा मृत्यू आला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांनी इजा झालेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होते. ‘सौम्य’ म्हणून घेतलेल्या गोळीच्या बाबतीत हे आकडे उलटे वाटतील. पण डॉक्टरांचे औषध घेणाऱ्याला डॉक्टर पुन्हा बोलावतात, तपासतात. डबी घेणाऱ्याला कोणीच बोलावत नाही, आणि त्रास सुरू झाला तरी डबीवर संशय जात नाही.

यंत्रणा नेमकी कशी चालते याचा जुना आणि स्वच्छ दाखला फ्रान्समधला आहे. जर्मँडर ही तिथली तुळशीच्या कुळातली रानटी वनस्पती. पोटाच्या तक्रारींवर तिचा काढा घेण्याची रीत शतकानुशतकांची, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. १९८० च्या दशकात तिची पूड कॅप्सूलमध्ये भरून वजन कमी करण्यासाठी विकली जाऊ लागली. पुढच्या काही वर्षांत यकृतदाहाचे सुमारे तीस रुग्ण नोंदले गेले आणि १९९२ मध्ये फ्रेंच सरकारने ती बाजारातून काढायला लावली. संशोधकांनी माग काढला तेव्हा कळले, की या झाडातली काही कडू द्रव्ये मुळात जहाल नाहीत. यकृतातलीच एन्झाइमे त्यांना जहाल बनवतात. ग्लुटाथायोन हे जहाल रूप आवरते. आता गंमत अशी, की ग्लुटाथायोन बनते आहारातल्या प्रथिनांपासून, आणि या कॅप्सूल घेणाऱ्या बायका वजन उतरवायचे म्हणून उपाशीपोटी, अर्ध्या जेवणावर होत्या. ढाल नेमकी पातळ झालेली असतानाच वार होत होता. आजही कडक डाएट आणि गोळ्या ही जोडी सर्रास एकत्रच सांगितली जाते.

सध्याच्या बाजारात सर्वाधिक अभ्यासलेला घटक आहे ग्रीन टी. कपातला हिरवा चहा निर्धोक आहे. आशियात कोट्यवधी लोक तो रोज पितात. कॅप्सूलमध्ये असतो तो पानांचा अर्क, आणि त्यातला मुख्य घटक म्हणजे ईजीसीजी नावाने ओळखले जाणारे कॅटेचिन. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासला. चहा पिणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जाते. पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेले, की रक्तातली यकृताची एन्झाइमे वाढलेली दिसतात. नुसता आकड्यांचाच फरक नाही. चहा घोटाघोटाने, दिवसभरात, बहुधा काहीतरी खाऊन प्यायला जातो. कॅप्सूल एका घोटात जाते, आणि ‘चरबी लवकर जळावी’ म्हणून ती सकाळी रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात. रिकाम्या पोटी हेच ईजीसीजी कितीतरी जास्त शोषले जाते. सोपे करून सांगायचे तर दिवसभराच्या चहाच्या किटल्या यकृताच्या दारात एकदम रित्या होतात.

फ्रान्स आणि स्पेनमध्ये वजन घटवण्यासाठी विकला जाणारा एक्सोलिज हा ग्रीन टीचा अर्क यकृतदाहाच्या तक्रारींमुळे २००३ मध्येच मागे घेतला गेला होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पुढे हजाराहून अधिक स्त्रियांवर ग्रीन टीच्या अर्काची वर्षभर चाचणी झाली. कारण वेगळे होते, स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो का हे पाहायचे होते. पण अर्क घेणाऱ्या गटात यकृताची एन्झाइमे वाढण्याचे प्रमाण नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटाच्या कितीतरी पट निघाले. मग २०२१ मध्ये अमेरिकी संशोधकांना एक धागा सापडला. ग्रीन टीने इजा झालेल्या रुग्णांपैकी ७२ टक्क्यांच्या जनुकांत एचएलए-बी ३५:०१ हा प्रकार होता. सर्वसाधारण लोकांत तो १२ टक्क्यांच्या आसपासच असतो. हे जनुक रोगप्रतिकारक यंत्रणेला ‘आपले’ आणि ‘परके’ ओळखायला मदत करणारे. म्हणजे लहरी वाटणारी ही इजा सर्वस्वी लहरी नव्हती. तरीही हे जनुक असलेल्या बहुसंख्य लोकांना कॅप्सूलने काही होत नाही, त्यामुळे आधी रक्त तपासून ‘तुम्ही घ्या, तुम्ही घेऊ नका’ असे सांगण्याइतका हा धागा पक्का नाही. युरोपीय संघाने २०२२ मध्ये दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या आतली मर्यादा घातली आणि रिकाम्या पोटी घेऊ नये असा इशारा लेबलवर सक्तीचा केला.

गार्सिनियाची गोष्ट भारतीय आहे. गार्सिनिया कंबोजिया म्हणून विकले जाते ते कोकमाच्याच वंशातले पश्चिम घाटातले फळ, केरळात माशाच्या आमटीत टाकतात ते कुडमपुळी. त्याच्या सालीतले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल १९६० च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वेगळे काढून ओळखले. साखरेपासून चरबी बनवण्याच्या साखळीतले एक एन्झाइम हे आम्ल अडवते, असे प्रयोगशाळेत दिसले. तेवढ्यावर जगभर कॅप्सूलचा धंदा उभा राहिला. माणसांवरची नीट आखलेली चाचणी १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली: १३५ जण, बारा आठवडे. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. धंद्यावर याचा काही परिणाम झाला नाही. २००९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या खपाच्या हायड्रॉक्सीकट या गोळ्या घेऊ नयेत असे जाहीर केले, तेव्हा त्यांच्याकडे गंभीर त्रासाच्या २३ तक्रारी होत्या, आणि त्यांत यकृत निकामी होऊन झालेला एक मृत्यू होता. या गोळ्यांच्या अनेक प्रकारांत गार्सिनिया होते. सोबत इतरही बरेच होते, म्हणून दोष एकट्या गार्सिनियाचा की मिश्रणाचा यावर बरीच वर्षे वाद चालला. पुढे निव्वळ गार्सिनिया घेतलेले रुग्णही नोंदले गेले. सोलकढी पिणाऱ्यांनी यातून घाबरून जाण्याचे कारण नाही. आमसुलाच्या चार पाकळ्या आणि आम्लाचे प्रमाण मुद्दाम वाढवलेला दिवसाचा दीड ग्रॅम अर्क यांची तुलनाच होत नाही.

हवाईमधल्या प्रकरणात तर बेलाचे नाव आले. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये होनोलुलूच्या डॉक्टरांनी तिथल्या आरोग्य खात्याला कळवले, की तीव्र यकृतदाहाचे सात रुग्ण आले आहेत आणि कारण सापडत नाही. सगळ्यांत समान दुवा एकच, ऑक्सिएलिट प्रो ही वजन घटवणारी गोळी. शोध सुरू झाल्यावर २९ रुग्ण सापडले. त्यांतल्या २४ जणांनी हीच गोळी घेतली होती. त्यांत एकाचा मृत्यू झाला, दोघांचे यकृत बदलावे लागले. टेक्सासमधल्या उत्पादक कंपनीने थोड्याच काळापूर्वी गोळीतले एक उत्तेजक सरकारी आक्षेपामुळे काढून त्याजागी एजेलीन घातले होते. एजेलीन बेलाच्या पानांत सापडते, त्याचे नावही बेलाच्या लॅटिन नावावरून पडलेले. पण गोळीतले एजेलीन कोणत्याही बेलाच्या झाडावरून आलेले नव्हते; ते कारखान्यात बनवलेले होते, आणि माणसाने ते असे रोज घेतल्याचा कसलाही पूर्वानुभव नव्हता. यकृत नेमके एजेलीननेच बिघडवले का, याबद्दल सगळ्यांचे एकमत नाही. अन्न व औषध प्रशासनाने मात्र नोव्हेंबरमध्ये माल परत घ्यायला लावला. २०१५ मध्ये कंपनीवर खटला भरला गेला. वनस्पतींचा अर्क म्हणून विकलेली द्रव्ये प्रत्यक्षात चीनमधल्या कारखान्यात बनलेली होती, असा त्यातला एक आरोप होता. २०१९ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला.

‘नैसर्गिक’ या शब्दाची किंमत या एका प्रकरणातून कळते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने आहारपूरकांना औषधाच्या वाटेने जावे लागत नाही. सुरक्षितता आधी सिद्ध करायची गरज नाही, त्रास झाल्यावर तो सरकारने सिद्ध करायचा. हवाईत तो सिद्ध होईपर्यंत माणसे दवाखान्यात पोहोचली होती.

अस्निक आम्लाचा किस्सा त्याआधीचा, आणि थोडक्यात सांगण्यासारखा. हे द्रव्य असते दगडफुलांमध्ये. काळ्या मसाल्यात पडते त्या दगडफुलाच्या गणगोतातल्या झाडावर लोंबणाऱ्या जातींत ते भरपूर मिळते. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत इंधन जळते, पण कामाची ऊर्जा बनत नाही, नुसती उष्णता निघते, असा या द्रव्याचा परिणाम. चरबी जाळायला हेच तर हवे, असे कोणालातरी वाटले. यकृताच्या पेशींची ऊर्जाही त्याच आगीत जाते, हे २००१ मध्ये कळले, जेव्हा लिपोकायनेटिक्स नावाच्या गोळीवर अमेरिकी प्रशासनाला इशारा काढावा लागला. मसाल्यातल्या चिमूटभर दगडफुलाचा या गोळीशी संबंध नाही.

हळद आणि गुळवेल या दोन नावांनी मराठी वाचक अधिक अस्वस्थ होईल. हळदीतले कुर्कुमिन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते, आणि स्वयंपाकातल्या हळदीची निर्धोकता बरीचशी त्यातच आहे. बंगळूरमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की मिरीतल्या पिपरिनबरोबर दिल्यास माणसांत कुर्कुमिनचे शोषण वीसपट होते. तेव्हापासून कॅप्सूलवाल्यांनी मिरी सोडली नाही. अमेरिकेतल्या यकृतइजांची नोंद ठेवणाऱ्या त्याच जाळ्याने पुढे हळदीच्या गोळ्यांनी यकृतइजा झालेले दहा रुग्ण प्रसिद्ध केले. पाच जणांना दाखल करावे लागले, एक दगावला, आणि दहांपैकी सात जणांत ग्रीन टीच्या बाबतीत सापडलेलेच जनुक होते. इटलीतही २०१९ च्या सुमारास असे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. गुळवेल वजनासाठी घेतली गेली नव्हती, करोनाच्या काळात ‘प्रतिकारशक्ती’साठी घेतली गेली; पण ‘घरचे औषध’ या विश्वासाची परीक्षा तिथेच झाली. मुंबईत २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत गुळवेलीचा काढा किंवा गोळ्या घेतलेले सहा रुग्ण तीव्र यकृतदाहाने आले, त्यांपैकी एक दगावला. नंतर देशभरच्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली. गुळवेलीच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. तो खरा मानला तरी घेणाऱ्याच्या दृष्टीने फरक पडत नाही, कारण पावडर झाल्यावर वेल ओळखता येत नाही. अश्वगंधेचेही पाच रुग्ण २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून नोंदले गेले, आणि नंतर भारतातूनही.

एक झाड समजून दुसरे आल्याची सर्वांत दुःखद घटना बेल्जियममधली आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवणाऱ्या क्लिनिकमध्ये एका चिनी वनस्पतीऐवजी ईश्वरीच्या वंशातली वनस्पती दिली गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. तिथे यकृत वाचले, मूत्रपिंडे गेली, एवढाच फरक.

चूक एक, भेसळ दुसरी. झाडपाल्याने वजन उतरत नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून काही जण त्यात खरे औषध मिसळतात. भूक मारणारे सिब्युट्रामिन हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिकेच्या आणि युरोपच्या बाजारातून गेले, पण ‘हर्बल’ गोळ्यांच्या तपासणीत ते अजूनही सापडत राहते. २००२ मध्ये सिंगापुरात स्लिम-१० नावाची चिनी गोळी घेणाऱ्या अँड्रिया डिक्रूझ या दूरचित्रवाणी अभिनेत्रीचे यकृत निकामी झाले. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, अभिनेता पिअर पँग याने, आपल्या यकृताचा भाग दिला म्हणून ती वाचली. गोळीत नायट्रोसोफेनफ्लुरामिन सापडले: बंदी आलेल्या फेनफ्लुरामिनचा रासायनिक भाऊबंद. त्याच वर्षी जपानमध्ये याच द्रव्याच्या गोळ्यांनी शेकडो लोक आजारी पडले, काही मेले. ग्राहकाच्या हातातल्या डबीत भेसळ आहे की नाही, हे घरी कळण्याचा मार्ग नाही. मात्र ‘हर्बल’ गोळीने पहिल्याच आठवड्यात भूक पार मेली, छातीत धडधड सुरू झाली, झोप उडाली, तर ते झाडपाल्याचे लक्षण नव्हे. सोनामुखीसारखे रेचक घातलेल्या चहाने जे ‘वजन’ उतरते ते पाण्याचे असते, दोन दिवसांत परत येते.

भारतात एकाच तऱ्हेची कॅप्सूल दोन वेगवेगळ्या दारांनी बाजारात येते. आयुर्वेदिक औषध म्हणून तिला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळतो; ‘न्यूट्रास्युटिकल’ म्हणून ती अन्न ठरते, एफएसएसएआयच्या नियमांखाली येते, आणि तिच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. तेच वाक्य छापलेल्या डबीच्या जाहिरातीत कंबर किती इंच कमी होईल तेही असते. खरे तर औषधे आणि जादुई उपाय यांच्या जाहिरातींवरील १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात, ज्या आजारांवर इलाजाचा दावा करता येत नाही त्यांच्या यादीत, लठ्ठपणाचे नाव स्पष्ट आहे. सत्तर वर्षांनंतरही लोकलच्या डब्यातली स्टिकरे आणि मोबाइलवरच्या रील पाहता त्या कायद्याची कोणी फारशी दखल घेतलेली दिसत नाही. शास्त्रज्ञांच्या वाटेतही अडचणी येतात: केरळमधल्या यकृततज्ज्ञांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या पूरकांनंतर झालेल्या मृत्यूवर २०१८ मध्ये शोधनिबंध लिहिला, कंपनीच्या आक्षेपांनंतर प्रकाशकाने २०२० मध्ये तो मागे घेतला.

इजा सुरू होते ती बहुधा गोळी सुरू केल्यापासून एक ते तीन महिन्यांनी. थकवा, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, उजव्या बरगडीखाली जडपणा. भूक कमी झाली म्हणजे गोळी लागू पडली, असे घेणाऱ्याला वाटते; इथे बरेच दिवस वाया जातात. मग लघवी चहासारखी गडद होते, अंगाला खाज सुटते, डोळे पिवळे दिसतात. लघवी गडद झाली की त्याच दिवशी गोळी बंद करून रक्त तपासणे भाग असते. रिपोर्टमधले एसजीपीटी पेशी किती मरत आहेत ते सांगते, बिलिरुबिन सांगते की यकृताचे काम अडते आहे. एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर गेले, तर अशा दहा रुग्णांपैकी जवळजवळ एकाचा मृत्यू होतो किंवा त्याला नवे यकृत लागते. हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञाच्या निरीक्षणावर बसवलेला हा ठोकताळा औषधशास्त्रात आजही वापरतात. रक्त गोठण्याची वेळ वाढली किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, झोपाळला, तर प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाशिवाय दुसरी जागा नाही. एक फसवी गोष्ट इथे ध्यानात ठेवावी लागते: मरायला पेशीच उरल्या नाहीत तरी एसजीपीटी उतरते.

निदान मात्र अवघड असते, कारण ‘ही इजा गोळीनेच झाली’ असे सांगणारी रक्ताची एकही तपासणी नाही. बाकी सारी कारणे एकेक करून बाद करावी लागतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ इतकी ओळखीची, की पिवळे डोळे दिसताच पाण्याला दोष जातो. पुष्कळ घरांत पुढची पायरी डॉक्टर नसून काविळीची माळ आणि कोणीतरी दिलेले आणखी एक झाडपाल्याचे औषध असते, म्हणजे आधीच पोळलेल्या यकृतावर दुसरा भार. त्यात वजन जास्त असलेल्यांत यकृतावर चरबी साठलेली सापडतेच, त्यांचे एसजीपीटी आधीच थोडे वर असते, आणि नवी वाढ त्या जुन्या वाढीत मिसळून जाते. विचारले नाही तर रुग्ण गोळीचा उल्लेखही करत नाही. ‘काही औषध चालू आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे येते, कारण पावडर, काढा, जिममधल्या मित्राने दिलेला डबा ही त्याच्या हिशेबी औषधे नसतात. म्हणून अनुभवी डॉक्टर घरातल्या सगळ्या डब्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून आणायला सांगतात.

उपचार म्हणजे मुख्यतः गोळी थांबवणे आणि लक्ष ठेवणे. तीव्र बिघाडात ग्लुटाथायोनचा साठा भरून काढायला एन-असिटिलसिस्टीन देतात, प्रतिकारशक्तीने हल्ला केल्यासारखे दिसले तर स्टिरॉइड. अशा घटना गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येतात, डॉक्टरला आणि रुग्णालाही. बरे झाल्यावर तीच गोळी पुन्हा घेतली तर इजा बहुधा पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात येते. फ्रान्समधल्या जर्मँडरच्या रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत कारण पक्के झाले ते याच रीतीने: कावीळ उतरली, कोणी कॅप्सूलवर संशय घेतला नव्हता, म्हणून त्यांनी राहिलेल्या कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या, आणि कावीळ परत आली.